लाळेच्या नमुन्यासाठी सही करण्याआधी

डेंटल कॉलेजच्या ओपीडीत मुलाचा दात दाखवायला गेलेले पालक एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. केसपेपर काढला, मुलाला खुर्चीवर बसवलं आणि दात बघता बघता डॉक्टर म्हणाले, "आमचा किडीच्या जंतूंवर एक अभ्यास चालू आहे, थोडी लाळ घेऊ, इथे सही करा." सही करावी का? मुलावर प्रयोग तर करत नाहीत ना? नाही म्हटलं तर दात भरून देतील का? काहींनी सही केली आणि पुढे महिनाभर रिपोर्टची वाट पाहिली. काहींच्या घरी शाळेतून चिठ्ठी आली आणि ती नेमकी कशाची, हे वर्गशिक्षकांनाही सांगता आलं नाही.

असे बहुतेक अभ्यास निरुपद्रवी असतात आणि त्यांची गरजही खरी आहे. आपल्याकडच्या मुलांच्या तोंडातले जंतू, आपला आहार आणि आपलं पाणी यांचा अभ्यास इथेच व्हायला हवा. पण संशोधनात भाग घेणं आणि उपचार घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक धरून ठेवलात, तर पुढचे निर्णय तुम्हाला जड जाणार नाहीत.

आधी विचारा: तपासणी की संशोधन?

शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं आणि इतर तपासण्यांबरोबर दातही बघतं. ती सेवा आहे. मुलात दोष आढळला, तर पुढच्या उपचारांसाठी पाठवणं हे त्या पथकाचं काम असतं. एखाद्या कॉलेजचं दंततपासणी शिबिर हीसुद्धा सेवाच. संशोधनाचा हेतू मात्र एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हा असतो. त्यातून तुमच्या मुलाला फायदा होईलही, पण तशी हमी नसते.

डेंटल कॉलेजांत असे अभ्यास इतके का होतात, हेही माहीत असू द्या. एमडीएस करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत प्रबंध लिहावा लागतो. बालदंतरोग आणि सामुदायिक दंतआरोग्य या विभागांत किडीचे जंतू हा नेहमीचा विषय आहे. म्हणजे तुमच्यासमोर फॉर्म घेऊन उभा असलेला तरुण डॉक्टर बहुधा विद्यार्थी असतो आणि त्याला ठरावीक संख्येने सहभागी हवे असतात. त्यात गैर काहीच नाही. पण त्याची घाई ही तुमची घाई होऊ देऊ नका.

सरळ विचारा: "हे उपचारासाठी आहे की अभ्यासासाठी?" याचं उत्तर एका वाक्यात मिळायला हवं.

जंतूंबद्दल निर्णयापुरतं

किडलेल्या दातात वळवळणारी अळी नसते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'कीड पाडून' दाखवणाऱ्यांकडे अजूनही लोक जातात, म्हणून हे सांगावं लागतं. दात किडतो तो आम्लामुळे. तोंडातले काही जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावरच्या चिकट थरातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातले क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात पुन्हा बिस्किट खाल्लं की चक्र नव्याने सुरू होतं.

या जंतूंपैकी सर्वांत जास्त अभ्यासलेला म्हणजे स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स. लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा केला. तुम्हाला दिलेल्या कागदावर बहुधा याचंच नाव असेल. निर्णय घेताना त्याच्याबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तो बहुतेक मोठ्या माणसांच्या तोंडात असतोच, त्यामुळे 'जंतू सापडले' म्हणजे आजार झाला असं होत नाही. दोन, कीड हे या एकट्याचं काम नाही. लॅक्टोबॅसिलससारखे इतरही आम्ल करणारे जंतू त्यात असतात, आणि वारंवार साखर मिळाली की त्या सगळ्यांचीच चलती होते.

म्हणूनच लाळेतल्या जंतूंच्या आकड्यावरून तुमच्या मुलाचे दात पुढे किडतील की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. तोंडात आधीच किडलेले दात किती, दिवसातून किती वेळा गोड खाणं होतं, फ्लोराइडची पेस्ट वापरली जाते का, यांवरून दंतवैद्याला जास्त समजतं. रिपोर्ट न मिळाल्याने तुमचं फारसं नुकसान होत नाही, ते यामुळेच. तरीही तो मिळणार की नाही, हे आधी स्पष्ट करून घेणं हा तुमचा हक्क आहे.

आयांकडून आणखी एक प्रश्न हमखास येतो: "माझ्याच तोंडातून बाळाला हे जंतू गेले का?" हे जंतू बहुतेकदा घरातल्या माणसांकडून, त्यातही आईकडून बाळाकडे जातात, हे खरं आहे. म्हणूनच काही अभ्यासांत आई आणि मूल दोघांचीही लाळ मागतात. पण उष्टा चमचा बंद केला की कीड थांबली, इतकं हे सरळ नाही. आईने स्वतःचे किडलेले दात वेळेवर भरून घेणं हे बाळासाठीही चांगलं. यात आईला दोष देण्यासारखं काहीच नाही, आणि कुणी दिला तर मनावर घेऊ नका.

नमुना घेताना काय होतं

भीती बहुतेक याच टप्प्याची असते, आणि प्रत्यक्षात तो सगळ्यांत सोपा आहे. साधारणपणे सकाळी बोलावतात. येण्याआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, असं सांगतात. काही अभ्यासांत त्या सकाळी ब्रशही करू देत नाहीत. मुलाला मान थोडी खाली घालून बसवतात, लाळ तोंडात साठू देतात आणि निर्जंतुक बाटलीत थुंकायला सांगतात. कधी बेचव मेणाचा तुकडा चघळायला देतात, त्याने लाळ जास्त सुटते. लहान मुलाला थुंकता येत नसेल, तर जिभेवरून किंवा दातांवरून कापसाचा बोळा लावलेली काडी फिरवतात. सुई कुठेच नसते.

बाटली बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत नेतात. तिथे लाळ पातळ करून, म्यूटन्सला मानवेल आणि इतर बऱ्याच जंतूंना वाढू देणार नाही अशा खास माध्यमाच्या बशीवर पसरतात. कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या हवेत, ३७ अंश सेल्सिअसला ती सुमारे दोन दिवस ठेवली की बारीक, उंचवटेदार ठिपके उगवतात. ते मोजायचे आणि एका मिलिलिटर लाळेत किती जंतू होते याचा हिशोब करायचा. साध्या अभ्यासात एवढंच असतं.

कोणत्या प्रकारचा अभ्यास, ते समजून घ्या

फक्त नमुना घेणारा अभ्यास आणि काही वापरायला देणारा अभ्यास यांत मोठा फरक आहे. पहिल्यात धोका नगण्य. दुसऱ्यात काय देतात, त्यावर सगळं अवलंबून.

- क्लोरहेक्सिडीनची चूळ. जंतू झपाट्याने कमी होतात, पण चूळ थांबवली की काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा वाढतात. दातांवर तपकिरी डाग पडू शकतात आणि काही काळ चव बिघडू शकते. क्वचित अॅलर्जी येते. सहा वर्षांखालची मुलं चूळ गिळतात, त्यामुळे त्यांच्यासाठी चूळ भरण्याचा अभ्यास असेल तर कारण नीट विचारा.
- प्रोबायोटिक दूध, दही किंवा गोळी. हेलसिंकीतल्या पाळणाघरांतल्या ५९४ मुलांना सात महिने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जंतू घातलेलं दूध देऊन केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडा फायदा दिसला, तोही मुख्यतः तीन-चार वर्षांच्या मुलांत. कल्पना चांगली आहे आणि तिच्यावर संशोधन व्हायलाच हवं. पण आजार किंवा औषधांमुळे मुलाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर जिवंत जंतू देण्याआधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.
- झायलिटॉलची चघळगोळी. १९७० च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कूच्या अभ्यासांनी मोठी आशा निर्माण केली. पुढच्या अभ्यासांत तेवढा ठोस फायदा दिसला नाही. जास्त प्रमाणात घेतलं तर पोट बिघडतं.
- फ्लोराइड वार्निश. बऱ्यापैकी सिद्ध झालेला उपाय. इथे प्रश्न असतो तो एवढाच, की तुलना कशाशी होणार आहे.
- सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. दात न कोरता कीड थांबवणारं औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. खुर्चीला आणि ड्रिलला घाबरणाऱ्या मुलांसाठी मला हे वरदान वाटतं. पण किडलेला भाग काळा पडतो आणि काळाच राहतो. समोरच्या दातांना लावणार असतील, तर आधी फोटो दाखवायला सांगा. चांदीची अॅलर्जी असेल किंवा दात ठणकत असेल, गळू झालं असेल, तर हे औषध चालत नाही.

एखादं अगदी नवं औषध, लस किंवा जनुकीय बदल केलेला जंतू असेल, तर तिथेच थांबा. किडीविरुद्धच्या लसीवर कित्येक दशकं काम चालू आहे, पण वापरात आलेली एकही लस नाही. अशा चाचणीचे नियम वेगळे आणि कडक आहेत. घरी जाऊन, चार लोकांशी बोलून मगच ठरवा.

माहितीपत्रक हातात आलं की

सहीच्या कागदाआधी तुम्हाला माहितीपत्रक मिळायला हवं, तेही तुम्हाला कळणाऱ्या भाषेत. इंग्रजी कागद पुढे करून "साहेबांनी मंजूर केलंय" असं कुणी म्हणालं, तर मराठी प्रत मागा. ती नसेल तर सही करू नका. वाचता येत नसेल, तर सगळं वाचून आणि समजावून सांगताना अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर असावा लागतो.

कागदात ही उत्तरं शोधा. सापडली नाहीत तर तोंडी विचारा:

1. एकूण किती वेळा यावं लागेल? शाळा आणि रोजगार किती बुडेल? जाण्या-येण्याचा खर्च कोण देणार?
2. गट पाडणार आहेत का? माझं मूल कोणत्या गटात जाणार हे कोण ठरवणार? चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत असेल, तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.
3. मुलाचे आधीच किडलेले दात कधी भरणार?
4. लाळेचा उरलेला नमुना नष्ट करणार, की पुढच्या अभ्यासासाठी ठेवणार? ठेवणार असतील तर त्यासाठी वेगळी संमती घेतात का?
5. त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करायचा?
6. नैतिकता समितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, आणि समितीच्या सचिवांचा संपर्क कुठे दिला आहे?

यांतला तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तुलनेसाठी एक गट लागतो, हे मान्य. पण त्या गटातल्या मुलाचा दुखरा दात अभ्यास संपेपर्यंत तसाच ठेवणं कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही. तुलनेच्या गटालाही नेहमीचे उपचार मिळायलाच हवेत.

औषध किंवा चूळ वापरायला देणार असतील, तर सीटीआरआय क्रमांक मागा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया ही नोंदवही २००७ पासून आयसीएमआरच्या संस्थेकडून चालवली जाते आणि कुणालाही ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. क्रमांकात आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी सहा आकडे असतात. एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. तिथली माहिती इंग्रजीत असते, पण घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला सांगितलंत तर अभ्यासाचा हेतू, सहभागींची संख्या आणि संपर्काचं नाव सहज सापडेल. तुम्हाला सांगितलेलं आणि तिथे लिहिलेलं जुळतं का, एवढं बघा.

तुमचे हक्क

हे हक्क फार मोठी किंमत मोजून आले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. 'एकदम खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर अधूनमधून खाल्लेलं चिकट गोड दातांना जास्त घातक' हे आज प्रत्येक दंतवैद्य सांगतो. त्याचा मोठा आधार आहे स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या विपेहोल्म या संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेले प्रयोग. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना जेवणांच्या मधल्या वेळेत मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या गेल्या. त्यांची संमती घेतली नव्हती. कित्येकांचे दात किडले. जे कळलं ते खरं आणि उपयोगाचं होतं, पण ते ज्या माणसांच्या तोंडातून मिळालं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आज तुमच्यासमोर येणारा संमतीचा कागद अशा इतिहासातून आलेला आहे. त्याला औपचारिकता समजू नका.

भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम लागू आहेत. इतर आरोग्य संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांतून तुम्हाला मिळतं ते असं:

- नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क. कारण सांगण्याची सक्ती नाही. त्यामुळे नेहमीच्या उपचारांत कोणताही फरक पडता कामा नये.
- सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत घरी नेण्याचा हक्क.
- अभ्यासामुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि भरपाई.
- नाव आणि ओळख गुप्त राहण्याचा हक्क. मुलाचा तोंडाचा फोटो काढणार असतील, तर त्याची परवानगी वेगळी घ्यायला हवी.

२०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत निदान एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार आणि एक महिला असावी लागते, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. तक्रार घेऊन तुम्ही जाल ती यांच्याकडे.

सही मुलाच्या वतीने असेल तेव्हा

अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते. पण तेवढ्याने भागत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याला समजेल असं सांगून त्याचा तोंडी होकार घ्यायचा असतो, बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी. मूल तोंड घट्ट मिटून बसलं असेल, रडत असेल, तर तो नकारच आहे. "दोन मिनिटांत होईल, धरा जरा" असं कुणी म्हणालं, तर तुम्ही उठून उभं राहू शकता.

शाळेतल्या अभ्यासात मुख्याध्यापकांची परवानगी लागते, पण ती तुमच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. चिठ्ठीत 'नको असेल तरच कळवा' असं लिहिलं असेल, तर 'आम्हाला अभ्यासाची पूर्ण माहिती हवी आहे, तोपर्यंत नमुना घेऊ नये' असं लिहून वर्गशिक्षकांकडे द्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. बाकी सगळी मुलं देतायत म्हणून आपल्या मुलाला एकटं पाडल्यासारखं वाटेल, ही भीती मी समजू शकते. त्यासाठी मुलाशी आधी बोला. नाही म्हणणं ही शिक्षा होण्यासारखी गोष्ट नाही, हे त्याला कळू द्या.

चुका होतात त्या इथे

- माहिती लपवणं. गेल्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं असेल, तर लाळेतले जंतू बदललेले असतात. आई किंवा आजी मिश्री लावत असेल आणि नमुना तिचाही घेणार असतील, तर तेही सांगा. वगळलं जाण्याच्या भीतीने गप्प राहिलात, तर सगळ्यांचेच निष्कर्ष बिघडतात.
- पाण्याबद्दल न बोलणं. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोराइडच्या अभ्यासात जाताना घरात पाणी कुठून येतं, हे स्वतःहून सांगा.
- पैसे भरणं. संशोधनासाठी केलेल्या तपासणीचे पैसे सहभागीकडून घ्यायचे नसतात. पावती फाडायला सांगितली तर विचारा, ही कशाची.
- बाहेर जंतूंची तपासणी करून घेणं. 'मुलाच्या तोंडातले जंतू मोजा' अशी खासगी तपासणी कुणी सुचवली, तर त्या आकड्याने उपचारात काय बदल होणार, हे आधी विचारा. काहीच बदलणार नसेल, तर ते पैसे दात भरायला ठेवा.
- 'क्लिनिकली प्रूव्हन' वाचून गोळ्या घेणं. जंतूंची संख्या कमी झाली, एवढंच सिद्ध झालेलं असू शकतं. दात कमी किडले का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तराला वर्ष-दोन वर्षं लागतात. पंधरा दिवसांच्या अभ्यासातून ते मिळत नाही.

मध्येच सोडायचं असेल किंवा तक्रार असेल तर

आधी अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. बरेचदा बोलण्यानेच प्रश्न सुटतो. न सुटल्यास माहितीपत्रकावर दिलेल्या नैतिकता समितीच्या सचिवांना लेखी कळवा. मराठीत लिहिलेलं चालतं. अभ्यासाचं नाव, तुमच्या सहीची तारीख, काय झालं आणि तुम्हाला काय हवंय, एवढं पुरे. त्रास औषधाने झाला असेल, तर त्या दिवशीचा केसपेपर आणि औषधाची बाटली जपून ठेवा. आधी दिलेल्या नमुन्याचं काय करायचं, तेही त्याच पत्रात लिहा. तो नष्ट करायला सांगता येतं.

अभ्यास चालू असताना घरी

वेगळं सांगितलं नसेल, तर नेहमीची काळजी थांबवू नका. 'अभ्यासात आहे, म्हणजे दातांकडे डॉक्टरांचं लक्ष आहे' असं समजून घरचा ब्रश सुटलेली मुलं पुढे जास्त किडलेले दात घेऊन येतात. रात्री झोपण्याआधीचा ब्रश सगळ्यांत मोलाचा. त्यानंतर फक्त पाणी. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. बिस्किट, चिक्की, लाडू द्यायचे तर जेवणाबरोबर द्या, दिवसभर हातात नको.

पेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराइडचं प्रमाण बघा. भारतात पेस्टमध्ये ते १००० पीपीएमपर्यंत असू शकतं, आणि त्याच्या जवळपासचा आकडा असलेली पेस्ट कामाची. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. ब्रशवर ती तुम्ही स्वतः काढून द्या. पेस्ट गिळू नको, थुंकून टाक असं सांगा. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत, मूल कितीही म्हणालं की "मला येतं", तरी शेवटचा हात तुमचा फिरू द्या.